एकाच केसपेपरवर

पवन मावळातली एक बाई, वय बेचाळीस. लावणीच्या दिवसांत खाचराच्या पाण्यात हात घातला की तिची बोटं पांढरीफटक पडायची, मग निळसर व्हायची, आणि घरी येऊन चुलीपाशी शेकली की लालभडक होऊन ठणकायची. लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आषाढात तिथलं पाणी कुणाच्याही हाताला झोंबतं, त्यामुळे बोटं गारठली म्हणून कुणी दवाखान्यात जात नाही. तीही गेली नाही. दिवाळीला कासाराकडे तिच्या नेहमीच्या मापाच्या बांगड्या हातात चढेनात. कासार म्हणाला, ‘वहिनी, हात भरलाय.’ ती हसली. संक्रांतीनंतर सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळेना. गावातल्या डॉक्टरांनी वात म्हणून सुई दिली, चार दिवस बरं वाटलं. होळीच्या सुमारास हंडा डोक्यावर चढवायला शेजारीण लागू लागली. मांडी घालून बसलं की उठताना दोन्ही हात जमिनीला टेकावे लागायचे. चैत्रात कार्ल्याला एकवीरेच्या पायऱ्या चढताना ती तीनदा खाली बसली. गेल्या वर्षी याच पायऱ्या तिने नातवाला काखेत घेऊन चढल्या होत्या. मग कोरडा खोकला लागला. एक्स-रेत छातीच्या तळाशी पांढरट जाळी दिसली. थुंकीत काही सापडलं नाही, तरी ‘असेलच’ म्हणून टीबीचा कोर्स सुरू झाला.

ही बाई एकटी नाही. अनेकींच्या तक्रारी एकत्र करून ती इथे उभी केली आहे, म्हणून तिला नाव दिलेलं नाही. पण तिच्या हातातली कापडी पिशवी मात्र खरी आहे. ती कामशेत, मळवली, वडगावच्या फलाटावर पुण्याकडे जाणाऱ्या लोकलची वाट पाहणाऱ्या कितीतरी हातांत दिसते. तीत हाडांच्या डॉक्टरांचा कागद असतो, त्यावर सांधे. छातीच्या डॉक्टरांचा असतो, त्यावर फुप्फुसं. कातडीच्या डॉक्टरांनी बोटांच्या कडेच्या भेगांना मलम लिहून दिलेलं असतं. प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबर असतो. फक्त ते कागद एका टेबलावर शेजारी शेजारी कुणी ठेवलेले नसतात.

या पुस्तिकेचा विषय तो शेजार आहे. सांधे, स्नायू आणि फुप्फुसं या तिन्ही ठिकाणी शरीराची प्रतिकारशक्ती एकाच वेळी, किंवा एकामागून एक, हल्ला करते तेव्हा होणाऱ्या आजारांना डॉक्टर ‘ओव्हरलॅप’ म्हणतात. मराठीत एकात एक मिसळलेले आजार म्हणता येईल. मला मात्र ‘मिसळलेले’ हा शब्द फारसा पटत नाही. त्यातून असं वाटतं की आधी वेगवेगळे आजार होते आणि मग ते एकत्र आले. खरं तर खाचरांचे बांध आपण घातलेले असतात. वरून येणारं पाणी एकच असतं. रूमॅटॉइड, ल्युपस, स्क्लेरोडर्मा, मायोसायटिस हे वैद्यकाने घातलेले बांध आहेत. उपयोगी आहेत, पण पाणी त्यांना विचारून वाहत नाही.

हे पहिल्यांदा ठामपणे मांडलं ते अमेरिकेतल्या गॉर्डन शार्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९७२ साली त्यांनी २५ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. या रुग्णांत थोडा ल्युपस, थोडा स्क्लेरोडर्मा, थोडा स्नायूंचा दाह अशी खिचडी होती. बोटं सुजलेली, थंडीत पांढरी पडणारी. आणि सगळ्यांच्या रक्तात एक समान खूण होती, जिला आज आपण यू-१ आरएनपी विरोधी अँटिबॉडी म्हणतो. त्यांनी या आजाराला नाव दिलं ‘मिक्स्ड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज’. त्या वेळी वाटलं होतं की हा सौम्य प्रकार आहे, स्टेरॉइडने आवाक्यात येतो. पुढे रुग्णांचा पाठपुरावा झाला तेव्हा ही आशा बरीच ओसरली. काहींच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब हळूहळू वाढत गेला होता, आणि पुढे तेच या आजारातल्या मृत्यूचं एक प्रमुख कारण ठरलं. आपल्या बाईचा ‘भरलेला’ हात या कुळातलाच आहे. कासाराने जे मापात पकडलं ते लक्षण डॉक्टरी पुस्तकात पहिल्या पानावर असतं.

दुसरं कूळ आणखी लबाड. १९८० मध्ये निशिकाई आणि रायक्लिन या दोघांनी स्नायूंच्या दाहाच्या रुग्णांत एक अँटिबॉडी शोधली. तिचं नाव ‘जो-१’. ती पेशीतल्या एका साध्यासुध्या एन्झाइमवर उलटते. बाजार समितीत हमाल जसा योग्य पोतं योग्य गाडीवर चढवतो, तसं हे एन्झाइम हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल त्याच्या ठरलेल्या गाडीवर चढवतं, आणि त्यातून प्रथिनं तयार होतात. असली एन्झाइम्स प्रत्येक अमिनो आम्लासाठी वेगळी असतात, आणि त्यांतल्या आणखी काहींविरुद्धही अँटिबॉडी सापडल्या आहेत. या सगळ्यांचा मिळून ‘अँटीसिंथेटेज सिंड्रोम’. सांधेदुखी, स्नायूंची अशक्ती, फुप्फुसांत जाळं, अधूनमधून ताप, थंडीत पांढरी पडणारी बोटं, आणि ‘मेकॅनिकचे हात’, म्हणजे बोटांच्या कडेला, विशेषतः अंगठा आणि तर्जनीच्या समोरासमोरच्या बाजूला, गॅरेजवाल्याच्या हातासारखी खरखरीत भेगाळलेली कातडी. आता सांगा, भांडी घासणाऱ्या, शेण उचलणाऱ्या, चिखलात राबणाऱ्या हातावर ही भेग कुणाला वेगळी वाटणार? शहरातल्या डॉक्टरला ती दिसते कारण समोरचा हात मऊ असतो. मावळातल्या हातावर ती कामाची खूण म्हणून सोडून दिली जाते.

लबाडी इतक्यावर संपत नाही. या आजारात कधी फुप्फुसं आधी जातात आणि स्नायू वर्षभर ठणठणीत असतात. कधी सांधेदुखीशिवाय काहीच नसतं आणि रुग्ण रूमॅटॉइडच्या रांगेत उभा राहतो. शिवाय सगळीकडे सांगितली जाणारी एएनए ही चाचणी यात निगेटिव्ह येऊ शकते, कारण जो-१ ज्यावर उलटते ते एन्झाइम पेशीच्या केंद्रकात नसून केंद्रकाबाहेरच्या द्रवात असतं, आणि एएनए मुळात केंद्रकाकडे पाहणारी चाचणी. अहवालावर ‘निगेटिव्ह’ छापून येतं, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘सायटोप्लाझ्मिक’ असा शब्द असतो, आणि तो कुणी वाचत नाही. या पुस्तिकेतलं एकच पान फाडून दवाखान्याच्या भिंतीवर लावायचं म्हटलं, तर मी त्या शब्दाचं पान लावीन.

जाता जाता एक गंमत. आजारांना बहुधा डॉक्टरांची नावं मिळतात. थंडीत बोटं पांढरी पडण्याला १८६२ साली त्यावर प्रबंध लिहिणाऱ्या मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरचं नाव आहे. पण या अँटिबॉडींना मिळाली ती रुग्णांची नावं. ‘जो’ एका रुग्णाच्या नावातून आलं, ‘एसएम’ स्मिथ आडनावाच्या रुग्णावरून, ‘रो’ आणि ‘ला’ ही अशीच. ज्यांच्या रक्ताच्या बाटलीने हे शास्त्र पुढे गेलं, त्यांची दोन-दोन अक्षरं जगभरच्या प्रयोगशाळांत रोज छापली जातात.

शरीर स्वतःवर का उलटतं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉल एर्लिख यांना ही कल्पनाच अशक्य वाटत होती. निसर्गाला स्वतःच्या विषाची धास्ती असणार, तो असं होऊ देणार नाही, असं त्यांचं म्हणणं. ते होतं, हे पुढच्या पन्नास वर्षांत सिद्ध झालं. आपल्याकडे याला चटकन ‘कुंपणच शेत खातं’ म्हणतात. म्हण छान आहे, पण तिच्यात फितुरीचा वास आहे, आणि रुग्ण तो वास स्वतःला लावून घेतात. आपलंच काही चुकलं, आपण काही खाल्लं, कुणाची हाय लागली. खरं कारण एवढं नाट्यमय नाही. वारशाने आलेली काही जनुकं, त्यावर एखादा संसर्ग, धूर, धूळ किंवा बाईच्या शरीरातले संप्रेरकांचे बदल. यातलं कुठलंही एकटं पुरत नाही. ल्युपस तर पुरुषांपेक्षा बायकांना जवळजवळ नऊपट. हे ‘बायकांचं दुखणं’ असल्यामुळे ते ऐकून घेण्यात दिरंगाई होते की काय, हा प्रश्न मी इथे फक्त विचारून ठेवतो.

धुळीचं मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत क्रशर, बांधकामं आणि कारखाने यांची रांग आहे. दगडाच्या धुळीतला सिलिका आणि हे आजार यांचं नातं जुनं आहे. १९१४ साली एडिंबरात ब्रॅमवेल यांना पाथरवटांमध्ये स्क्लेरोडर्मा जास्त दिसला. १९५३ मध्ये कॅप्लन यांनी वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांच्या फुप्फुसांतल्या गाठी आणि सांधेदुखी यांचा संबंध दाखवला. १९५७ मध्ये इरॅस्मस यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत पुन्हा स्क्लेरोडर्मा पाहिला. सह्याद्रीचा काळा बसाल्ट या बाबतीत तुलनेने सभ्य, त्यात मोकळा क्वार्ट्‌झ फार कमी. पण काचेसाठी लागणारी वाळू म्हणजे जवळपास सगळं क्वार्ट्‌झच, आणि तळेगावात काच १९०८ मध्येच बनू लागली, पैसा फंडाच्या कारखान्यात. ग्रॅनाइट कापणारे, वाळूचा फवारा मारून लोखंड साफ करणारे हेही आलेच. म्हणून ‘काम काय करता?’ हा प्रश्न केसपेपरवर पत्त्याच्या खाली नुसता ‘शेती’ किंवा ‘कंपनी’ लिहून संपू नये. कंपनीत नेमकं काय करता, तोंडावर काय बांधता, हे विचारावं.

आपल्या भागात हे आजार किती आहेत याचा अंदाज बांधायला एक चांगला आधार जिल्ह्यातच आहे. डॉ. अरविंद चोपडा आणि त्यांच्या पुण्यातल्या सेंटर फॉर रूमॅटिक डिसीजेस या संस्थेने १९९६ पासून इंदापूर तालुक्यातल्या भिगवण गावात घरोघरी जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमातली ती भारतातली महत्त्वाची पाहणी. चार हजारांवर प्रौढांना विचारलं गेलं. साधारण पाचांतल्या एकाला सांध्यांचं किंवा स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं, आणि रूमॅटॉइड साधारण दर दोनशे प्रौढांमागे एकाला. ओव्हरलॅप त्याहून कितीतरी विरळ. पण हिशोब असा करावा लागतो की दुखणारे सांधे गावात भरपूर आहेत, आणि त्या गर्दीत हा विरळ आजार बेमालूम लपतो. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्या पसरला तेव्हापासून तर ‘सांधे धरले’ याला गावोगावी एक तयार उत्तर मिळालं आहे.

फुप्फुसांकडून पाहिलं तरी चित्र तसंच. भारतातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी मिळून फुप्फुसांत जाळं धरणाऱ्या, म्हणजे आयएलडीच्या, १,०८४ रुग्णांची नोंद केली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. जवळपास निम्म्यांना हवेतून आलेल्या बुरशीची, पक्ष्यांच्या कणांची, कूलरच्या घाण पाण्याची ॲलर्जी होती. सुमारे १४ टक्क्यांत मुळाशी हेच, संयोजी ऊतींचे स्वयंप्रतिकार आजार होते. मावळातल्या पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते, घराशेजारी कोंबड्या असतात, चूल असते. त्यामुळे इथे उत्तर आणखी गुंतागुंतीचं होतं. तरी एक तपासणी फुकट आहे. पाठीला, बरगड्यांच्या तळाशी, स्टेथोस्कोप लावून खोल श्वास घ्यायला सांगावं. बीपीच्या यंत्राचा पट्टा हळूच उघडताना जसा चरचर आवाज येतो, तसा श्वासाच्या शेवटी ऐकू आला, तर छातीचा एचआरसीटी स्कॅन काढल्याशिवाय त्या माणसाला खोकल्याचं औषध देऊन परत पाठवू नये. टीबीचा संशय घेण्यात चूक नाही. आपल्या देशात तो घ्यायलाच हवा, आणि पुढे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यायची असतील तर झोपलेला टीबी शोधावाच लागतो. चूक होते ती थुंकी, जीन एक्सपर्ट, सगळं कोरं आल्यावरही सहा महिने त्याच गोळ्या चालू ठेवण्यात.

औषधांची गोष्ट सांगायची तर १९४८ च्या सप्टेंबरपासून. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी रूमॅटॉइडने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिझोनची इंजेक्शनं दिली. आठवड्याच्या आत ती चालत बाजारात खरेदीला गेली. १९५० साली हेंच यांना नोबेल मिळालं. याच औषधाचे चटके कळायला मात्र फार वेळ लागला नाही: चेहरा गोल होणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं. आपल्याकडे ती गोष्ट अजून संपलेली नाही. ‘आयुर्वेदिक’ म्हणून कागदाच्या पुडीत मिळणाऱ्या सांधेदुखीच्या भुकटीत स्टेरॉइड असल्याचं तपासणीत वेळोवेळी निघालं आहे. त्या पुडीने दोन दिवसांत मूठ वळते, म्हणून पुडीवाल्यावर श्रद्धा बसते. सहा महिन्यांनी कुणीतरी सांगतं म्हणून ती एकदम बंद केली जाते, आणि स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं शरीर कोसळतं. आमवाताचं निदान माधवनिदान या आयुर्वेदाच्या ग्रंथात स्वतंत्रपणे येतं, त्या परंपरेला या पुडीशी जोडणं हा त्या परंपरेवरच अन्याय आहे.

मेथोट्रेक्सेटची गोष्ट आपल्याला जरा जवळची. ज्या प्रयोगशाळेत हे औषध घडलं तिथे संशोधनाची सूत्रं भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हातात होती. मुळात कर्करोगाचं औषध. अगदी थोड्या मात्रेत, आठवड्यातून एकदाच दिलं की सांध्यांचा दाह उतरतो. १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला रूमॅटॉइडसाठी मान्यता मिळाली. ‘आठवड्यातून एकदाच’ हे दोन शब्द वाचायला सोपे, पाळायला अवघड. गोळी पिवळी, चिमुकली, बाकीच्या गोळ्यांसारखीच. रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी खाली येतात, माणूस जातो. मावळात यावर एक तोडगा आपोआप निघाला आहे: गोळीला वाराचं नाव. ‘गुरुवारची गोळी’. ज्याचा उपास ज्या वारी, त्याची गोळी त्या वारी, म्हणजे विसरही पडत नाही आणि रोजही घेतली जात नाही. उपाशीपोटी मळमळतं एवढं मात्र सांगावं, आणि दुसऱ्या दिवशीची फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू देऊ नये. फुप्फुसं आधीच आजारी असतील तर डॉक्टर बहुतेकदा मेथोट्रेक्सेटला हात आखडता घेतात, कारण क्वचित तेच औषध फुप्फुसांत दाह उठवतं. मग मायकोफिनोलेट, अझाथायोप्रिन, टॅक्रोलिमस, गंभीर असेल तर सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटक्सिमॅब. जाळं वाढतच राहिलं तर निंटेडॅनिब. यांतली बरीच औषधं आज भारतीय कंपन्या बनवतात, म्हणून किमती उतरल्या, तरी महिन्याचा खर्च हातावर पोट असलेल्या घराला जड जातो. दिवस राहायचे असतील तर यांतली काही औषधं महिनोन्‌महिने आधी बदलावी लागतात. ‘रो’ अँटिबॉडी असेल तर पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके तपासत राहावं लागतं. हे लग्नाआधी मुलीला सांगायचं की सासूसमोर, यावर पुस्तिकेत एक वेगळं प्रकरण आहे. ते मला सगळ्यात शहाणं वाटलं.

लोणावळ्याचं नाव आलं की योगाचं येतंच. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी इथे कैवल्यधाम सुरू केलं. त्यांची पद्धत मला नेहमी विशेष वाटत आली आहे. उड्डियान आणि नौली करताना पोटात आणि छातीत नेमकं काय घडतं हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी मोजलं, आणि ‘योग मीमांसा’ या आपल्या नियतकालिकात छापलं. म्हणजे मोजून मग बोलायचं. तोच नियम इथे लावला तर असं म्हणता येईल: श्वसनाच्या व्यायामाने दम कमी लागतो, भीती कमी होते, छातीचे स्नायू कामाला लागतात. फुप्फुसात पडलेलं जाळं त्याने विरघळत नाही. स्नायूंचा दाह असलेल्याने अंथरुणात पडून राहावं असं पूर्वी सांगत. गेल्या काही दशकांच्या अभ्यासांनी ते खोडून काढलं आहे. औषध चालू असताना बेताचा व्यायाम स्नायूंना बळ देतो. फक्त सुजलेल्या मनगटावर शरीराचा भार टाकणारी आसनं करू नयेत, आणि कुणी औषध सोडायला सांगितलं तर त्या शिक्षकाला सोडावं.

ही पुस्तिका तीन वाचकांसाठी आहे: गावातले डॉक्टर, आशाताई आणि ज्यांच्या हातात ती पिशवी आहे ते. आशाताईंसाठीचे प्रश्न मुद्दाम घरगुती ठेवले आहेत. थंड पाण्यात बोटं पांढरी पडतात का? बांगडी, अंगठी अडकते का? सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो? उकिडवं बसलं तर हात न टेकता उठता येतं का? वेणी घालताना हात खाली येतो का? गेल्या वर्षी जी चढण चढत होता, ती यंदा जमते का? यांतली दोन उत्तरं तक्रारीची आली तरी घाबरायचं कारण नाही. तीन वेगवेगळ्या ठिकाणची तशी आली, हातातलं, मांडीतलं आणि श्वासातलं, तर ती सगळी एकाच कागदावर लिहून तो कागद संधिवाततज्ज्ञाकडे जावा. डॉक्टरांसाठीची प्रकरणं थोडी अवघड आहेत. अँटिबॉडींचा तक्ता पहिल्या वाचनात डोक्यावरून गेला तरी चालेल.

आपली बाई शेवटी तशा एका कागदासकट पुण्याला गेली. टीबीच्या गोळ्या थांबल्या, दुसऱ्या सुरू झाल्या. आठेक महिन्यांनी हात न टेकता ती उठू लागली. फुप्फुसांचं जाळं जिथे होतं तिथेच राहिलं, वाढलं नाही. फाल्गुनात तपासणीला गेली तेव्हा तिने विचारलं, चैत्रात एकवीरेला जाऊ का? डॉक्टरांनी तिला बाहेरच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालायला लावलं. निघताना बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन ९६ होता, परत आल्यावर ८९. बोट गार होतं म्हणून त्यांनी ते चोळून पुन्हा लावलं, तरी ८९. पायऱ्या नकोत, म्हणाले. तिने वाद घातला नाही. यंदा ओटी सून घेऊन वर गेली. ही खाली नारळाच्या दुकानापाशी बाकावर बसून होती, हातांत लोकरीचे मोजे घालून, आणि दुकानदार विचारत होता, ‘मावशी, एवढ्या उन्हात मोजे?’